परत येणारे विमान : एका खेळण्याचा युद्धेतिहास

१

गेल्या हिवाळ्यातील एका सकाळी आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर एक स्पिटफायर उडाले. अर्थात खरे नव्हे. राष्ट्रीय छात्र सेनेच्या वायुशाखेतून काही वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एका माजी विद्यार्थ्याने घरी तीन-चार महिने खपून बांधलेले ते मॉडेल होते. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीड मीटर, वजन अडीच किलोच्या आसपास, नाकात विजेची मोटार, पंखांवर ब्रिटिश वायुदलाची ती ओळखीची वर्तुळे. सहा-सात मिनिटे ते मैदानावर घिरट्या घालत राहिले आणि मग गवतावर दोन उड्या मारून थांबले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आमच्या एका ज्येष्ठ सहकारी प्राध्यापिका मात्र गप्प होत्या. विद्यार्थी विमान हातात घेऊन आला तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "इतकी मेहनत घेतलीस, तर मग पक्षी का नाही बांधलास? माणसं मारायच्या यंत्राची एवढ्या मायेनं नक्कल कशाला करायची?" मुलगा गोंधळला. पंखाला चिकटलेले गवत झटकत तो एवढेच म्हणाला, "मॅडम, उडवणं तसं सोपं असतं. परत आणणं अवघड."

हे उत्तर म्हणजे प्रश्नाला दिलेली बगल आहे, असे त्या वेळी सर्वांनाच वाटले. पुढे या खेळण्याचा इतिहास वाचत गेलो तेव्हा जाणवले, की त्या मुलाने नकळत नेमक्या जागी बोट ठेवले होते. प्रस्तुत लेखात तो प्रश्न आणि ते उत्तर यांचा एकत्र विचार करण्याचा प्रयत्न आहे.

२

खरे विमान आधी आणि त्याची नक्कल नंतर, असे आपण गृहीत धरतो. नक्कल या शब्दातच ते गृहीतक दडलेले आहे. इतिहासाचा क्रम मात्र उलटा आहे.

१८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्वीलरी उद्यानात आल्फाँस पेनो या तरुणाने जेमतेम अर्धा मीटर लांबीचे एक खेळणे उडवले. पीळ दिलेल्या रबराने त्याचा पंखा फिरत असे. सुमारे चाळीस मीटरचे अंतर त्याने अकरा सेकंदांत कापले. पंख किंचित वर उचललेले, मागे शेपटीचा छोटा आडवा पंख, आणि या दोहोंच्या जोरावर वाऱ्याने हेलकावा दिला तरी आपोआप तोल सावरणारी रचना. हवेपेक्षा जड वस्तू स्थिर राहून उडू शकते हे पेनोने त्या दिवशी सर्वांसमक्ष दाखवले. माणूस वाहून नेणारे मोठे विमान बांधण्याचे त्याचे स्वप्न पैशाअभावी कागदावरच राहिले आणि १८८० साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने आपले आयुष्य संपवले.

त्याच्या मृत्यूपूर्वी दोन वर्षे अमेरिकेत एक छोटीशी घटना घडली होती. १८७८ साली मिल्टन राईट नावाच्या धर्मोपदेशकाने प्रवासाहून परतताना आपल्या मुलांसाठी पेनोच्या धर्तीचे, रबरावर चालणारे, सरळ वर उडणारे एक खेळणे आणले. विल्बर अकरा वर्षांचा होता, ऑर्व्हिल सात. खेळणे मोडल्यावर मुलांनी स्वतःच त्याच्या प्रती बनवायला सुरुवात केली. त्या वेळी त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली : प्रत जितकी मोठी करावी तितकी ती उडेनाशी होते. मोठे खेळणे म्हणजे केवळ वाढवलेले छोटे खेळणे नव्हे, हा धडा त्यांना बालपणीच मिळाला.

सॅम्युएल लँग्ली या नामांकित शास्त्रज्ञाला तो फार महागात पडला. ६ मे १८९६ रोजी त्याचे वाफेवर चालणारे मानवरहित मॉडेल पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. त्याच धर्तीवर बांधलेले माणूस नेणारे यंत्र १९०३ च्या ऑक्टोबर आणि डिसेंबर महिन्यांत दोनदा नदीत कोसळले. दुसऱ्या अपघातानंतर अवघ्या नऊ दिवसांनी राईट बंधूंचे विमान हवेत गेले.

तात्पर्य, विमानविद्येत खेळणे हे वडील भावंड आहे. ज्याला आपण नक्कल म्हणतो ती इथे मुळाच्या आधी जन्मली.

३

या वडील भावंडाकडे युद्धाचे लक्ष जायला फार वेळ लागला नाही. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तारेवाचून चालणारी एक छोटी बोट लोकांना दाखवली होती. दुरून आज्ञा द्यावी आणि यंत्राने ती पाळावी, ही कल्पना तेव्हापासून हवेत होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील आर्चिबाल्ड लो याने ती विमानाला लावली. १९१७ च्या मार्च महिन्यात त्याच्या रेडिओ-नियंत्रित विमानाची चाचणी झाली, पण इंजिनाने दगा दिला आणि उड्डाण अल्पजीवी ठरले. विमानाचे नाव होते 'एरियल टार्गेट', म्हणजे हवाई लक्ष्य. नाव मुद्दाम फसवे होते. बेत होता तो उडत्या बॉम्बचा.

अमेरिकेत डेटन या गावी चार्ल्स केटरिंग याने पुढच्याच वर्षी लाकडाचे आणि कागदी लगद्याचे एक लहान मानवरहित विमान तयार केले. त्यात रेडिओ नव्हता. इंजिनाचे किती फेरे झाले हे एक यंत्रणा मोजत राही. ठरलेला आकडा भरला की इंजिन बंद पडे, पंख सुटत आणि स्फोटके भरलेला सांगाडा खाली येई. युद्ध संपल्यामुळे त्याचा प्रत्यक्ष वापर झाला नाही. या प्रकल्पाचा वैमानिकी सल्लागार होता ऑर्व्हिल राईट. १८७८ साली ज्या सात वर्षांच्या मुलाच्या हातात रबराचे खेळणे पडले होते, तोच चाळीस वर्षांनी, कधीही न परतणाऱ्या विमानाला तोल कसा द्यावा हे सांगत होता. हा योगायोग कादंबरीकाराने रचला असता तर आपण तो ओढूनताणून आणलेला म्हटला असता.

त्यानंतरचा टप्पा ब्रिटनमधील 'क्वीन बी', म्हणजे राणीमाशी. १९३५ साली डी हॅविलँड कंपनीने आपल्या टायगर मॉथ या प्रशिक्षण विमानाच्या कुळातून हे रेडिओ-नियंत्रित विमान तयार केले. तोफखान्याला नेमबाजीचा सराव व्हावा म्हणून त्याचा जन्म. स्वस्त पडावे आणि समुद्रात पडले तरी तरंगावे म्हणून सांगाडा लाकडी. जमिनीवरील चालक टेलिफोनच्या तबकडीसारखी तबकडी फिरवून आज्ञा देई : डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. अशी जवळपास चारशे विमाने बांधली गेली. गोळा चुकला तर राणीमाशी माघारी उतरवता येत असे. तिचे प्रात्यक्षिक पाहून गेलेल्या अमेरिकी नौदलाने स्वतःची मानवरहित विमाने बनवायला घेतली आणि राणीच्या मागोमाग येणारा म्हणून त्यांना 'ड्रोन', म्हणजे नर मधमाशी, हे नाव पडले असे सांगतात. लग्नाच्या छायाचित्रणापासून शेतीच्या फवारणीपर्यंत आज सर्रास वापरला जाणारा हा शब्द असा मुळात गोळ्या झेलण्यासाठी जन्मलेल्या यंत्राचा आहे. आपल्याकडे बंगळूरला विकसित झालेले 'लक्ष्य' हे विमान याच कुळातले.

४

आतापर्यंत खेळणे आणि शस्त्र यांचे नाते दूरचे होते. ते अगदी घरगुती झाले एका नटामुळे. रेजिनाल्ड डेनी हा मूळचा इंग्रज. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटनच्या हवाई दलात होता आणि पुढे हॉलीवूडमध्ये चित्रपट-नट झाला. हिचकॉकच्या 'रेबेका' या १९४० च्या चित्रपटात तो आहे. मॉडेल विमानांचे त्याला वेड होते. १९३४ साली त्याने हॉलीवूड बुलेव्हार्डवर त्यांचे दुकानच थाटले. मुलांना विकायच्या विमानांवरून त्याच्या मनात आले, की तोफखान्याच्या सरावाला हेच थोडे मोठे करून दिले तर? 'रेबेका'च्याच वर्षी अमेरिकी सैन्याने त्याला कंत्राट दिले. त्याच्या 'रेडिओप्लेन' कंपनीने महायुद्ध संपेपर्यंत सुमारे पंधरा हजार लक्ष्य-विमाने तयार केली. पंखांची लांबी पावणेचार मीटरच्या आत, वजन पन्नास किलोहून कमी, गोफणीसारख्या यंत्राने हवेत फेकायचे आणि उरलेच तर पॅराशूटने खाली आणायचे. आज पाहिले तर ते मोठ्या आकाराचे छांदिष्टाचे मॉडेलच वाटते, आणि ते तसेच होते. युद्धाच्या अखेरच्या काळात या कारखान्यात काम करणाऱ्या नॉर्मा जीन नावाच्या तरुणीची छायाचित्रे सैन्याच्या एका छायाचित्रकाराने टिपली. पुढे जगाने तिला मेरिलिन मन्रो या नावाने ओळखले.

त्याच सुमारास मिशिगन राज्यातील कॅलमाझू येथे वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे भाऊ वेगळ्याच हेतूने त्याच प्रश्नाशी झगडत होते. १९३७ साली त्यांनी आपले 'गफ' हे रेडिओ-नियंत्रित मॉडेल उडवले आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. त्यांना विमान पाडून घ्यायचे नव्हते. सोडलेले विमान वाऱ्याबरोबर दिसेनासे होते आणि महिन्यांची मेहनत कुठल्या तरी शेतात हरवते, हे त्या काळातील छांदिष्टांचे खरे दुःख होते. रेडिओ हवा होता तो विमान माघारी बोलावण्यासाठी. 'गफ' आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. डेनी आणि गुड बंधू यांची तारीख एक, तंत्र एक, लाकूडही जवळजवळ एकच. एकाचे विमान गोळी लागावी म्हणून उडत होते, दुसऱ्यांचे परत यावे म्हणून.

लाकडाचाही इतिहास पाहण्यासारखा आहे. मॉडेल विमानांचे लाडके लाकूड बाल्सा. ते मुख्यतः दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरमधून येते, कापसासारखे हलके आणि तरी ताठ. युद्धात हे लाकूड मुलांच्या हातून गेले, कारण ते डी हॅविलँडच्या 'मॉस्किटो' या बॉम्बफेकी विमानासाठी हवे होते. प्लायवुडच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा घालून त्याचा सांगाडा बनत असे आणि फर्निचर घडवणारे सुतार तो घडवत. मुलांच्या वाट्याला पुठ्ठा आणि पाइनचे लाकूड आले.

मुलेही युद्धात ओढली गेली. १९४२ साली अमेरिकी नौदलाने शाळांना पाच लाख मॉडेल विमाने बनवून द्यायला सांगितले : पन्नास प्रकार, प्रत्येकी दहा हजार. ती उडणारी नव्हती. लाकडाची, भरीव, काळ्या रंगाची, मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाची. दहा मीटरवर टांगलेले असे मॉडेल डोळ्याला सातशे वीस मीटरवरील खऱ्या विमानाएवढे दिसते. आकाशातील ठिपका मित्र की शत्रू, हे तोफेमागच्या माणसाने क्षणात ओळखावे म्हणून हा खटाटोप. शाळेच्या सुतारवर्गातील मुलगा जपानी झीरो कोरत होता ते पाडले जावे म्हणून, आणि स्पिटफायर कोरत होता ते चुकून पाडले जाऊ नये म्हणून. पलीकडे जर्मनीत हिटलर यूथच्या वैमानिक शाखेतील मुलेही आधी मॉडेल, मग ग्लायडर, मग लुफ्तवाफे अशा पायऱ्या चढत होती. त्यातली किती परत आली हे आपण जाणतो.

तेव्हा आमच्या प्राध्यापिकांची अस्वस्थता निराधार नाही. या खेळण्याचा हात युद्धाने वारंवार धरला आहे, आणि दर वेळी खेळणाऱ्याच्या प्रेमावरच त्याने आपले काम भागवले आहे.

५

आता पुन्हा त्या दीड मीटरच्या स्पिटफायरकडे वळू. मूळ विमानाचे पहिले उड्डाण ५ मार्च १९३६ रोजी झाले. त्याचा रचनाकार आर. जे. मिचेल पुढच्या वर्षी, बेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने गेला. आपली विमाने ब्रिटनवरच्या हवाई लढाईत काय करणार आहेत हे त्याला दिसले नाही. वीस हजारांहून अधिक स्पिटफायर बांधली गेली. भारतीय वायुदलाकडेही ती होती आणि १९४७ साली काश्मीरच्या लढाईत ती उडाली. लंबवर्तुळाकार, टोकाशी निमुळता होत जाणारा त्याचा पंख हा विमानांच्या इतिहासातील सर्वांत देखण्या आकारांपैकी एक मानला जातो.

हा देखणेपणाच मॉडेल बांधणाऱ्याला छळतो. मूळ विमान साडेसातपट लहान केले की पंखाचे क्षेत्रफळ छप्पन्नपट कमी होते आणि वजन हिशेबाने चारशेबावीसपट. तीन टनांचे विमान म्हणजे सात किलोचे मॉडेल. पण सात किलोचे ते इतक्या वेगाने उतरेल की जमिनीवरून सांभाळता येणार नाही. म्हणून ते अडीच किलोतच बसवावे लागते. सगळे लहान करता येते, हवा मात्र लहान करता येत नाही. छोट्या, अरुंद पंखावरून तीच हवा वेगळ्या रीतीने वाहते आणि वेग कमी होताच निमुळत्या टोकाचा आधार आधी सुटतो. विमान एका अंगावर कलंडते आणि कोसळते. त्यावर उपाय मिचेलने खऱ्या विमानातही केला होता : पंखाला किंचित पीळ, म्हणजे टोक बुडापेक्षा थोडे खाली झुकलेले. मॉडेल बांधणारा पंखाच्या फासळ्या चिकटवताना मागच्या कडेखाली पातळ पट्ट्या ठेवून हाच पीळ देतो. डोळ्यांना तो जवळजवळ दिसत नाही, पण विमान घरी येणार की नाही हे त्यावर ठरते.

दुसरी अडचण तोलाची. खऱ्या स्पिटफायरच्या आखूड नाकात अवजड इंजिन होते. मॉडेलच्या नाकात हलकी मोटार असते, त्यामुळे शेपूट जड होते. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एकतृतीयांश रुंदीवर यावा लागतो. त्यासाठी बॅटरी शक्य तितकी पुढे सरकवतात, तरी भागले नाही तर नाकात शिसे भरतात. ग्रॅम-ग्रॅम वाचवून बांधलेल्या विमानात अखेरीस हाताने वजन घालायचे, हे जिवावर येते. पण नाक जड असलेले विमान वाईट उडते आणि शेपूट जड असलेले एकदाच उडते, असे या छंदातील लोक म्हणतात.

मग जुळवाजुळव. प्रत्येक हलत्या पृष्ठभागामागे सर्व्हो नावाची छोटी मोटार, ती रिसीव्हरला जोडलेली. ट्रान्समीटरची दांडी उजवीकडे नेली की उजव्या पंखावरची झडप वर गेली पाहिजे. तारा जोडताना दिशा उलटी राहिली आणि तशीच गेली, तर विमान जमीन सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत संपते. पल्ल्याची चाचणी वेगळी. संदेश तुटला तर मोटार आपोआप बंद व्हावी, ही सोय वेगळी. विमान आपल्याकडे येऊ लागले की त्याचे उजवे आपले डावे होते, हे अंगवळणी पडायलाही कित्येक दिवस जातात. या साऱ्या यादीत बंदूक कुठे नाही. पंखावर रंगवलेली तोंडे तेवढी असतात. याद्या सगळ्या एकाच गोष्टीच्या आहेत : परतण्याच्या.

साहित्याच्या विद्यार्थ्याला इथे शंकुकाचा चित्रतुरगन्याय आठवल्याशिवाय राहत नाही. चित्रातला घोडा पाहताना 'हा घोडाच आहे', 'हा घोडा नाही', 'हा घोडा असेल का', 'हा घोड्यासारखा आहे' या चारही प्रतीतींहून वेगळी प्रतीती येते, आणि नटाच्या ठायी रामाची प्रतीती तशीच असते, असे त्याचे म्हणणे. अभिनवगुप्ताने अनुकृतीची ही उपपत्ती खोडून काढली, पण दृष्टान्त टिकला. मॉडेल स्पिटफायर हा एक अडचणीचा चित्रतुरग आहे, कारण तो खरोखर दौडतो. हवा त्याला खरी, पडणे खरे, तोल खरा. मुळातल्या एकाच गोष्टीला त्याने नकार दिला आहे : मारण्याला. मूळ यंत्र ज्या प्रयोजनासाठी जन्मले ते वगळून बाकीचे सर्व जो प्रामाणिकपणे पुन्हा घडवतो, त्याच्या कृतीला केवळ नक्कल म्हणता येईल का? आणि वगळलेले प्रयोजन विसरूनच ती कृती पाहायची असेल, तर तिला निरागस तरी म्हणता येईल का? मला दोन्ही प्रश्न खरे वाटतात.

६

२०२२ पासून युक्रेनच्या युद्धात जे घडले त्याने हे प्रश्न पुन्हा उघडे केले. शर्यतीच्या छोट्या ड्रोनसाठी छांदिष्टांनी विकसित केलेल्या मोटारी, नियंत्रक आणि कॅमेरे त्या युद्धात स्फोटके वाहू लागले. ते उडवणारे अनेक जण कालपर्यंत खेळ म्हणून तेच उडवत होते. चालकाच्या डोळ्यांवर चष्मा असतो, त्यात विमानाला दिसणारे दृश्य दिसते, आणि अखेरच्या क्षणी ते दृश्य तुटते. ते तुटणे म्हणजेच काम फत्ते होणे. केटरिंगच्या यंत्राला आता डोळे फुटले आहेत एवढाच फरक.

म्हणून मला त्या मुलाचे वाक्य पुन्हा पुन्हा आठवते. हा इतिहास पाहताना खेळणे आणि शस्त्र यांच्यामधली रेषा आकारावर, रंगावर किंवा पंखावरच्या वर्तुळांवर शोधून सापडत नाही. ती लाकडातही नाही, रेडिओतही नाही. पक्षी बांधला असता तरी त्याला बॉम्ब बांधता आलाच असता. रेषा आहे ती, बांधणाऱ्याला ते विमान परत हवे आहे की नाही, या एका ठिकाणी. आणि ती रेषा यंत्रावर कुठेच कोरलेली नसल्यामुळे प्रत्येक पिढीला ती स्वतःच्या हाताने पुन्हा ओढावी लागते.

परवा तो विद्यार्थी पुन्हा भेटला. एका उतरणीत स्पिटफायरचा डावा पंख मोडला होता आणि तो नव्या फासळ्या कापत होता. आमच्या प्राध्यापिका त्याच्यापाशी थांबल्या. पंखाला पीळ कसा देतात हे त्यांनी विचारून घेतले, खालची पातळ पट्टी बोटाने चाचपून पाहिली आणि तासाची घंटा झाली म्हणून वर्गाकडे वळल्या. जाताना म्हणाल्या, "उडवशील तेव्हा सांग. मी उतरताना बघायला येईन."